साहेब म्हणतात, "उवे तर राहिला होता"

पत्राचा गोषवारा : पत्र हॅम्बुर्गहून आलंय. लिहिणारे गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे, वय ३९. बंदरातल्या क्रेनसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत ते अकरा वर्षं आहेत. म्युनिकच्या एका कंपनीनं जवळजवळ दीडपट पगार देऊ केलाय आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलंय. पत्नीला जावंसं वाटतं, बारा वर्षांच्या मुलीला अजिबात नाही. पण खरी अडचण साहेबांची आहे. साहेब ६२ वर्षांचे. जर्मनीत पहिली संधी त्यांनीच दिली. वडिलांच्या बायपासच्या वेळी त्यांनी एका फोनवर महिनाभर घरी जाऊ दिलं. एचएसव्ही या हॅम्बुर्गच्या फुटबॉल क्लबच्या मॅचला पहिल्यांदा नेलं तेही त्यांनीच. म्युनिकचं कानावर घातल्यावर साहेब रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "१९६१ साली उवे झेलरला मिलानचे लोक दहा लाख मार्क देत होते. उवे राहिला." (झेलर म्हणजे एचएसव्हीचा जुना, नामांकित फुटबॉलपटू.) तेव्हापासून यांना झोप नाही. कोल्हापूरला फोन केला तर वडील म्हणाले, "पेठ बदलणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, माहितेय न्हवं?" (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांचे, तालमींचे.) पत्राच्या शेवटी लेखक विचारतात : "झेलरनं क्लबसाठी सगळं सोडलं. मी पगारासाठी माणूस सोडायला निघालोय. मी गद्दार ठरतो का?"

नमस्कार,

तुमचे साहेब हुशार आहेत. पगारवाढ द्यायची तर वरून मंजुरी आणावी लागते, उवे झेलरला काही खर्च येत नाही.

त्यांच्या हेतूवर मी संशय घेत नाहीय. हॅम्बुर्गच्या त्या पिढीतल्या माणसाच्या तोंडी ही गोष्ट आपोआप येते. झेलरला तिथं 'उन्स उवे', म्हणजे 'आपला उवे' म्हणतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण सांगणाऱ्याचाच गोष्टीत हितसंबंध असला की ती सोयीच्या जागी थांबते. म्हणून आधी झेलरची गोष्ट पुरी करू, मग तुमच्याकडे येऊ. माझं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं, त्यामुळे फुटबॉलवर चार ओळी जास्त झाल्या तर तुम्ही तरी तक्रार करणार नाही.

१९६१ साली झेलर चोवीस वर्षांचा होता. आदल्या वर्षी एचएसव्हीनं अंतिम सामन्यात कोलोनला ३-२ असं हरवून जर्मन अजिंक्यपद मिळवलं होतं आणि निर्णायक गोल त्याचा होता. त्या जोरावर हा संघ युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाला जाऊन भिडला, दोन सामन्यांत निकाल लागेना म्हणून ब्रसेल्सला तिसरा खेळला आणि तो एका गोलनं हरला. इंटर मिलानचा प्रशिक्षक एलेनियो एरेरा हा माणूस न्यायला स्वतः हॅम्बुर्गला आला. आल्स्टरच्या काठावरच्या अटलांटिक हॉटेलात काही दिवस बोलणी चालली. रक्कम दहा लाख मार्कांच्या घरात. त्या वेळी बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीभरची एकच वरची लीग, नव्हती, ती १९६३ साली आली. पोरं आपापल्या भागातल्या लीगमध्ये खेळायची आणि क्लबनं महिन्याला किती द्यायचं यावर काही शे मार्कांची मर्यादा होती. काही शे एकीकडे, दहा लाख दुसरीकडे. झेलर नाही म्हणाला.

साहेब इथं थांबले. पुढचं असं आहे.

त्या काही शे मार्कांवर कुणाचंच घर चालत नव्हतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक खेळाडूला दुसरा कामधंदा असायचा. झेलर मालवाहतुकीच्या व्यवसायात उमेदवारी केलेला माणूस. आणि मिलानला नकार दिला त्याच सुमाराला त्याच्याकडे आदिदासचं उत्तर जर्मनीचं प्रतिनिधित्व आलं. म्हणजे सकाळी गाडीत बुटांचे नमुने भरायचे, गावोगावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत जाऊन ऑर्डरी घ्यायच्या, संध्याकाळी सरावाला मैदानावर हजर व्हायचं. राष्ट्रीय संघाचा कर्णधार काउंटरवर उभा राहून बुटाचा तळ वाकवून दाखवतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. दुकानदार नाही कसं म्हणेल? हॅम्बुर्गचा उवे म्हणूनच त्या फिरतीला अर्थ होता. मिलानला गेला असता तर हा धंदा मागेच राहिला असता.

तेव्हा "क्लबसाठी सगळं सोडलं" हे तुमचं वाक्य खोडून टाका. त्यानं एक मोठी रक्कम सोडली आणि एक बेताचं पण टिकाऊ उत्पन्न धरलं. शिवाय घर होतं, लग्नाला दोनच वर्षं झाली होती, आईवडील त्याच शहरात, भाषा आपली. आणि याहून साधी गोष्ट म्हणजे त्याला हॅम्बुर्ग आवडत होतं. कशाचाही पश्चात्ताप नाही, असं तो पुढे साठ वर्षं सांगत राहिला. रोज मनाविरुद्ध त्याग करणारा माणूस असा बोलत नाही.

पैशाखेरीज काय हुकलं तेही पाहून घ्या, कारण तेही साहेब सांगणार नाहीत. इंटर १९६३ साली इटलीचा विजेता झाला आणि १९६४, १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपचा. त्यानंतर झेलरच्या वाट्याला क्लबकडून आला तो एक जर्मन कप, १९६३ चा. अंतिम सामन्यात डोर्टमुंडविरुद्ध ३-० आणि तिन्ही गोल त्याचे! बुंडेसलिगाच्या पहिल्याच हंगामात ३० गोल मारून तो सर्वांत पुढे राहिला, पण बुंडेसलिगा त्याला एकदाही जिंकता आली नाही. एचएसव्हीनं ती १९७९, १९८२ आणि १९८३ साली जिंकली, तेव्हा याला निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. राहणाऱ्याला क्लब बक्षीस देईलच असं नाही, आणि बक्षीस मिळेल या आशेवर तो राहिलाही नव्हता.

फेब्रुवारी १९६५ मध्ये फ्रँकफर्टला त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. वय अठ्ठावीस. त्या काळी या दुखापतीनंतर खेळ संपला असंच धरून चालत. सात महिन्यांनी, खास बनवलेला बूट घालून, तो स्टॉकहोमला स्वीडनविरुद्ध उतरला आणि २-१ च्या विजयातला निर्णायक गोल मारून जर्मनीला १९६६ च्या वर्ल्डकपला घेऊन गेला. हे सात महिने मला या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाचे वाटतात. फुटबॉल बंद होता, उद्या चालू होईल याची खात्री नव्हती, पण पोट एकट्या क्लबच्या हातात नव्हतं. ज्याचं पोट पूर्णपणे एकाच्या हातात असतं, त्याची निष्ठा कुठली आणि नाइलाज कुठला हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

आता तुमच्या वडिलांचं म्हणणं. त्यांना झेलरच्या घरातली आणखी दोन माणसं सांगा. झेलरचे वडील एर्विन हॅम्बुर्ग बंदरात कष्टाचं काम करायचे आणि कामगारांच्या क्लबातून खेळायचे. १९३२ साली ते तो क्लब सोडून व्हिक्टोरिया या पांढरपेशांच्या क्लबात गेले, तर कामगार चळवळीच्या वर्तमानपत्रानं त्यांना छापून फैलावर घेतलं. पुढे ते एचएसव्हीत आले, म्हणून उवे तिथं वाढला. म्हणजे ज्याची निष्ठा तुमच्या तोंडावर मारली जातेय, त्याचा बाप क्लब बदलून आलेला होता! आणि नातू, लेविन ओझतुनाली, २०१३ साली सतराव्या वर्षी एचएसव्हीची कुमार शाखा सोडून लेव्हरकुझेनला गेला, मग ब्रेमेन, माइन्झ, बर्लिन असं फिरून आजोबा वारले त्याच्या पुढच्या वर्षी हॅम्बुर्गला परतला. एक गेला, एक राहिला, एक जाऊन आला. घरातून कुणाला काढल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडचं सांगायचं तर, पाटाकडील तालमीचा पोरगा दिलबहार तालमीकडून उतरला की पेठेत दोन दिवस चहा कडू लागतो हे मलाही माहीत आहे. पण हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी लागली की कोण कुठून कुठं गेला याची चर्चा दरवर्षी होतेच, आणि पुढच्या मॅचला तीच माणसं शाहू स्टेडियमच्या त्याच पायऱ्यांवर बसलेली असतात. वडील फोनवर जे बोलले त्यात मला तालमीपेक्षा काळजी जास्त ऐकू येते. बायपास झालेल्या माणसाला, ज्यानं आपल्या लेकाला महिनाभर घरी पाठवलं त्या साहेबाचा आधार सुटेल, असं वाटणारच. त्यांना तसं सरळ विचारा.

जाता जाता एक गंमत. झेलरचा 'एकच क्लब' हा विक्रमही शंभर टक्के शुद्ध नाही. १९७८ साली, एकेचाळीसाव्या वर्षी, तो आयर्लंडमध्ये कॉर्क सेल्टिककडून एक सामना खेळला. त्याला वाटलं आदिदासच्या जाहिरातीचा प्रदर्शनी सामना आहे. निघाली लीगची अधिकृत मॅच. संघ ६-२ असा हरला, दोन्ही गोल याचे. हॅम्बुर्गमध्ये कुणी त्याला त्याबद्दल जाब विचारला नाही.

क्लबच्या बाजूनं हाच व्यवहार कसा दिसतो, तेही थोडक्यात. चार्ली क्योर्बेल १९७२ ते १९९१ फ्रँकफर्टकडून ६०२ बुंडेसलिगा सामने खेळला, सगळेच्या सगळे एकाच क्लबकडून. हा आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. ६०२ व्या सामन्यात त्याला पिवळं कार्ड मिळालं, हंगामातलं चौथं, आणि शेवटच्या निरोपाच्या सामन्याला तो निलंबित. नियम सेवापुस्तिका बघत नाही. पुढे तो त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला, संघ तळाला गेला तेव्हा १९९६ मध्ये त्याला काढलं, आणि काही वर्षांनी क्लबची फुटबॉल शाळा चालवायला तो पुन्हा तिथंच आला. थॉमस म्युलर दहाव्या वर्षी बायर्नमध्ये आला, ७५६ सामने खेळला, तेरा वेळा बुंडेसलिगा जिंकला. २०२५ मध्ये त्याला राहायचं होतं, क्लबनं नवा करार दिला नाही. तो व्हँकुव्हरला गेला. बायर्ननं गद्दारी केली असं कुणी म्हणत नाही. वय, पगार, जागा, असा हिशोब केला म्हणतात. मग तुम्ही हिशोब केला की त्याला दुसरा शब्द का लागावा?

इथून पुढे तुमच्याबद्दल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. साहेबांवर पाऊण पान आहे. पगाराचा आकडा आहे. पण म्युनिकला काम काय करायचंय, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. ज्याला जायचंय तो माणूस असं पत्र लिहीत नाही. मला वाटतं तुमचं मन राहण्याकडे आहे. फक्त "मला इथं बरं वाटतं" हे कारण तुम्हाला चाळिशीच्या उंबरठ्यावर फार लहान वाटतं, म्हणून तुम्ही त्याला निष्ठेचं नाव दिलंय. माझा अंदाज चुकला असेल तर एक करा : म्युनिकच्या कामाबद्दल पत्नीला पाच मिनिटं सांगा, पगार हा शब्द न उच्चारता. सांगताना तुमचा आवाज कसा होतो हे त्या तुम्हाला सांगतील.

दुसरं, साहेब आणि कंपनी यांची गल्लत होतेय. उपकार साहेबांनी केले, राजीनामा कंपनीला द्यायचाय. साहेब ६२ वर्षांचे, म्हणजे आणखी फार तर चार-पाच वर्षं. त्यांच्यासाठी तुम्ही राहिलात आणि ते निवृत्त झाले, तर त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्याला तुमच्या वडिलांची बायपास माहीत नसेल. साहेबांचं ऋण साहेबांनाच फेडा. त्यांच्या आजारपणात जा, निवृत्तीनंतर फोन करा, एकदा कोल्हापूरला घेऊन या आणि तांबडा-पांढरा खाऊ घाला. ते ऋण नोकरीच्या वर्षांनी फेडायचं म्हटलं तर ते किती वर्षांत फिटतं, हे सांगणारं कोष्टक कुठं मिळत नाही.

तिसरं, दीडपट पगार हा दीडपट नसतो. जर्मनीत पगार वाढतो तसा कराचा टक्काही चढतो. म्युनिकची घरभाडी देशात सर्वांत चढी. हातात पडणारा आकडा काढा, त्यातून तीन खोल्यांच्या घराचं भाडं वजा करा आणि मग हॅम्बुर्गशी ताडून पाहा. मुलीचंही बघा. तिथं शिक्षण राज्यांच्या अखत्यारीत आहे, हॅम्बुर्गचा आणि बव्हेरियाचा अभ्यासक्रम वेगळा. बाराव्या वर्षी ही उडी जमते, पण आपोआप जमत नाही. शाळेशी बोलल्याशिवाय सही करू नका.

चौथी गोष्ट सगळ्यांत कोरडी, पण हीच लोक विसरतात. जर्मन कायद्यात जुन्या नोकरीला किंमत आहे. दहा वर्षं भरलेल्या माणसाला काढायचं तर मालकाला चार महिन्यांची नोटिस द्यावी लागते, बारा वर्षांनंतर पाच महिन्यांची. कपात करताना कुणाला आधी काढायचं हे ठरवतानाही नोकरीची वर्षं मोजतात. म्युनिकला तुम्ही शून्यापासून सुरू करणार. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर निरोप देता येतो. ही तुमची पुंजी आहे, ती फुकट सोडू नका. त्यांना तुम्ही हवे असाल तर प्रोबेशन माफ करा किंवा कमी करा, असं करारात मागता येतं. तुमच्या सध्याच्या करारातली तुमच्या बाजूची नोटिस किती आहे तेही वाचा. कायद्यानं चार आठवडे असली तरी पुष्कळ करारांत जास्त लिहिलेली असते. आणि जायचं ठरो वा न ठरो, साहेब खुर्चीत आहेत तोवर 'त्स्विशेनत्सॉयग्निस' मागून ठेवा, म्हणजे नोकरीत असतानाच मिळणारं कामाचं प्रमाणपत्र. अकरा वर्षांबद्दल त्यांच्याइतकं चांगलं कुणी लिहिणार नाही.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांचीही अशी पत्रं येतात, फक्त उवेऐवजी तिथं "आपण सगळे एक फॅमिली आहोत" असतं. त्यांनाही हेच : हे वाक्य ऐकलं की आनंद माना, आणि मग यातलं ऑफर लेटरवर किती येईल ते विचारा. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरायला दोन महिने उरलेत आणि भावनेच्या भरात राजीनामा दिला, अशी दोन पत्रं मला याच वर्षी आली.

तर साहेबांशी कसं बोलायचं. "उवे राहिला" याला उत्तर म्हणून वाद घालू नका. एका कागदावर तीन ओळी लिहा. पगार किती झाला तर मी राहीन. पुढच्या दोन वर्षांत कोणतं काम माझ्याकडे येईल. तुम्ही निवृत्त झाल्यावर माझी जागा काय असेल. हे तुमचं आदिदास. यातलं काही कंपनी लेखी देत असेल तर राहा, मनापासून राहा आणि म्युनिकचं नाव पुन्हा काढू नका. काहीच देत नसेल आणि उवेचीच गोष्ट परत सांगत असेल, तर जा. साहेब रुसतील. मला वाटतं, पहिल्या थंडीत तेच फोन करतील. नुसती तोंडी आश्वासनं मिळाली तर तो नकार समजा. इतकं कडक लिहायला मला आवडत नाही, पण या सदरात मी तोंडी आश्वासनांवर थांबलेल्यांची पत्रं फार वाचलीत.

निष्ठावंत माणसाला फार जवळ ओढलं की काय होतं, तेही झेलरकडे आहे. १९९५ ला क्लबनं त्याला अध्यक्ष केलं. १९९८ मध्ये क्लबच्या पैशांच्या व्यवहारांवरून वादळ उठलं. त्याच्यावर स्वतःवर ठपका नव्हता, तरी तो पायउतार झाला. तो खेळायला आणि बूट विकायला चांगला होता, खुर्चीसाठी नव्हता. तेव्हा साहेबांनी खूश होऊन "माझी जागा घे" म्हटलं, तर घाईनं हो म्हणू नका. तुम्हाला क्रेनचं सॉफ्टवेअर आवडतं की माणसांच्या रजा मंजूर करणं?

महिनाअखेर अजून दूर आहे. एचएसव्हीची पुढची घरची मॅच बघा आणि साहेबांना ऑफिसात गाठण्याऐवजी फोल्क्सपार्कला भेटा. स्टेडियमबाहेर झेलरचा तो ब्राँझचा अवाढव्य उजवा पाय आहे, त्याच्यापाशी. आदिदासची गोष्ट तिथं तुम्हीच काढा. त्यांना ती माहीत असणार, हॅम्बुर्गचेच आहेत ते. तीन ओळींचा कागद खिशात असू द्या, पण मध्यंतरापर्यंत काढू नका. संघ हरत असेल तर त्या दिवशी काढूच नका, सोमवारी सकाळी द्या.